अख्खी यादी एकाच पॅरामीटरमध्ये: 'इन' सोडून 'एनी' वापरायला लागून नऊ महिने झाले

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांचं. कोड पायथनमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि दोघांना जोडणारी लायब्ररी सायकोपीजी. 'या या सभासदांची बिलं दाखव' ही मागणी दिवसभर चालू असते, म्हणजे प्रत्येक वेळी क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) एक यादी घालायची. क्वेरीत 'इन' म्हणजे 'कंसातल्या यादीत आहे का', आणि 'एनी' म्हणजे 'यादीतल्या कुठल्याही एकाशी तुलना खरी ठरली की पुरे'.

जुना कोड स्वल्पविराम लावून नावं कंसात चिकटवायचा. वसईकडच्या एका केंद्राने आडनावांची यादी टाकली, त्यात इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी घालून नोंदवलेलं डिसोझा होतं. त्या एका चिन्हापाशी स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) संपली आणि क्वेरी तुटली. त्या दिवशी मी खरंच घाबरलो. साध्या आडनावाने क्वेरी मोडते, तर मुद्दाम काही लिहिणारा तिथून काय काय करू शकेल!

मग यादीत जितकी नावं तितके प्लेसहोल्डर (मूल्यांसाठी राखलेल्या जागा) जोडून पाहिले. ते सुरक्षित आहे, पण तीन नावांची क्वेरी वेगळी, चार नावांची वेगळी. कुठली क्वेरी किती वेळा चालली त्या आकडेवारीच्या टेबलात एकाच कामाच्या शेकडो नोंदी. यादी रिकामी आली की 'इन'पुढे नुसता कंस उरतो आणि पोस्टग्रेस सिंटॅक्स एरर देतो. सायकोपीजी 2 मध्ये टपल (पायथनची न बदलणारी यादी) दिला की 'इन' चालायचं, कारण ती लायब्ररी मूल्यं स्वतःच क्वेरीत बसवून पाठवायची. आवृत्ती 3 क्वेरी आणि मूल्यं सर्व्हरकडे वेगवेगळी पाठवते, त्यामुळे ती सोय गेली. बदल तिथूनच सुरू झाला.

आता 'कोड बरोबर एनी' लिहायचं (इथे कोड म्हणजे सभासदाचा क्रमांक) आणि पायथनची लिस्ट जशीच्या तशी द्यायची. ती ॲरे (एकाच मूल्यात बांधलेली यादी) म्हणून एकच पॅरामीटर, म्हणजे क्वेरीसोबत वेगळं पाठवलेलं एकच मूल्य, होऊन जाते. दोन सभासद असोत की दोन हजार, क्वेरीचा मजकूर तोच. रिकाम्या यादीला शून्य ओळी येतात, तक्रार नाही. पोस्टग्रेसमध्ये एका क्वेरीला 65,535 पॅरामीटरची मर्यादा आहे, पण ॲरे एकच मोजला जातो. यादी फार मोठी असेल तर मी 'अननेस्ट' करून, म्हणजे ॲरेच्या ओळी पाडून, त्या टेबलाला जोडतो (जॉइन). पावत्या रांगेच्या क्रमाने छापायच्या असतील तर अननेस्टला 'विथ ऑर्डिनॅलिटी' जोडतो; त्याने प्रत्येक ओळीला यादीतला क्रमांक मिळतो, त्या क्रमांकावर सॉर्ट करतो. नुसत्या 'एनी'ने यादीचा क्रम राखला जात नाही.

डेटाच्या प्रकाराकडे मात्र लक्ष हवं. आमचे कोड 0042 असे, म्हणजे टेक्स्ट. कुणी आकड्यांची लिस्ट दिली की पोस्टग्रेस तुलनाच नाकारतो. मला हे आवडतं; गुपचूप चुकीचं जुळवण्यापेक्षा बरं.

सगळ्यात महागात पडली ती वगळण्याची क्वेरी. ज्यांनी थकबाकी भरली त्यांना सोडून बाकीच्यांना आठवणीचा एसेमेस जायचा होता. मी 'नॉट इन'च्या जागी 'असमान एनी' लिहिलं. यादी 101 आणि 205 ची. आता सभासद 101 घ्या: तो 101 शी असमान नाही, पण 205 शी आहे, आणि 'एनी'ला एवढं पुरतं. म्हणजे कुणीच वगळलं गेलं नाही. पैसे भरलेल्यांनाही मेसेज गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाच्या वेळीच फोन सुरू झाले. त्या माणसांची मी मनापासून माफी मागितली. माझ्या टेस्टमध्ये यादीत एकच कोड होता, आणि एकच असेल तर 'असमान एनी' बरोबर उत्तर देतं. तिथे हवं होतं 'असमान ऑल', म्हणजे यादीतल्या प्रत्येकाशी असमान. त्यालाही एक अट आहे: यादीत एक जरी नल (मूल्यच नसलेली नोंद) घुसला तरी एकही ओळ परत येत नाही, म्हणून नल आधीच गाळून घ्यावे लागतात.

हे सगळं पोस्टग्रेसपुरतं. आमच्या एका ग्राहकाकडे एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे, तिथे 'एनी'ला ॲरे देता येत नाही आणि पॅरामीटरची मर्यादा 2,100. तिथे आम्ही टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर (अख्खं टेबलच एका पॅरामीटरमध्ये) वापरतो. आधी त्या टेबलाचा टाइप डेटाबेसमध्ये तयार करावा लागतो, पण एकदा केला की छान चालतो.

आता यादी घेणाऱ्या प्रत्येक क्वेरीला आमच्याकडे चार टेस्ट असतात: रिकामी यादी, एक कोड, दोन कोड, आणि मध्येच नल असलेली.