ऑर्ग-रिमार्क : मजकूर सरकला तरी टिपण जागेवर राहते का?

कागदी मुद्रितावर पेन्सिलीने खूण करणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही, कारण कागदावरची ओळ हलत नाही. संगणकावर मात्र लेखकाने पहिल्याच पानात एक परिच्छेद वाढवला की ओळक्रमांक लिहून ठेवलेली माझी सगळी टिपणे भलत्याच वाक्यांसमोर उभी राहत. त्यामुळे ईमॅक्स या जुन्या एडिटरसाठी असलेले ऑर्ग-रिमार्क हे मोफत पॅकेज (म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मी वापरू लागलो. ते ग्नू एल्पा या ईमॅक्सच्या भांडारातून थेट बसवता येते. मजकूर निवडून खूण केली की तो रंगतो आणि त्यावरचे टिपण मार्जिनेलिया नावाच्या वेगळ्या ऑर्ग फाइलीत (ऑर्ग म्हणजे ईमॅक्सचे टिपणांसाठीचे साधे मजकूर-स्वरूप) जाते. मूळ फाइलीत एकही अक्षर घुसत नाही, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

फाइल उघडी असताना टिपण जागेवर ठेवण्याचे काम ईमॅक्सचा ओव्हरले करतो. ओव्हरले म्हणजे मजकुरावर अंथरलेली पारदर्शक पट्टी. तिच्या आधी काही लिहिले की ती पुढे सरकते, आत लिहिले की ताणली जाते आणि आतले काही पुसले की आखडते. खरी परीक्षा कडेला होते, कारण नेमक्या कडेवर टाइप केलेले अक्षर पट्टीच्या आत धरायचे की बाहेर, हे पॅकेज लिहिणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. ऑर्ग-रिमार्कमध्ये शेवटच्या कडेवरचे अक्षर बाहेर राहते. इंग्रजीत याने फारसे बिघडत नाही, पण मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला जोडूनच येत असल्यामुळे ‘शिक्षण’ या रंगवलेल्या शब्दाचे मी ‘शिक्षणाचे’ केले, तेव्हा ‘ाचे’ एवढा भाग रंगाबाहेर राहिला. टिपण चुकले नाही, पण डोळ्याला ते खुपते. म्हणून आता मी एकटा शब्द न रंगवता पुढचा शब्दही खुणेत घेतो.

देवनागरीच्या मोजणीत मात्र ईमॅक्स गोंधळत नाही. ‘शिक्षण’ या शब्दात डोळ्याला तीन अक्षरे दिसत असली तरी युनिकोड या लिपीसंकेताच्या हिशेबाने तो 6 वर्णांचा आणि यूटीएफ-8 या साठवणपद्धतीत 18 बाइटांचा आहे. ईमॅक्स बफरमधील (म्हणजे उघडलेल्या फाइलीच्या स्मृतीतील प्रतीमधील) स्थान वर्णांनी मोजतो, बाइटांनी नव्हे, त्यामुळे मराठी परिच्छेदात खुणेचा आकडा एखाद्या वर्णाच्या पोटात, अर्ध्या बाइटांवर जाऊन पडत नाही.

कट-पेस्टमध्ये मात्र हे साधन उघडे पडते. ओव्हरले मजकुराचा भाग नसून बफरचा असतो, म्हणून खूण केलेला परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवला तर मजकूर जातो आणि पट्टी जुन्या जागी शून्य रुंदीची होऊन मागे राहते. पुढे पॅकेजच्या साफसफाईत तीही निघून जाते. अन्डू केल्याने मजकूर परत येतो, पण ओव्हरलेतील बदलांची नोंद अन्डूच्या यादीत होत नसल्यामुळे रंग परत येत नाही. ईमॅक्समधील टेक्स्ट प्रॉपर्टी (अक्षरांनाच चिकटवलेला गुणधर्म) हा दुसरा प्रकार मजकुरासोबत प्रवास करतो, पण त्याचे तोटे वेगळे आहेत: नक्कल केलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत खूणही नकलली जाते आणि एका टिपणाची दोन होतात. पॅकेजकर्त्याने ओव्हरले निवडला, तो मला योग्य वाटतो.

फाइल जतन केली की खुणांचे आरंभ आणि अंत यांचे नवे आकडे टिपणफाइलीत लिहिले जातात. पण तीच फाइल कोणी दुसऱ्या एडिटरमध्ये उघडून सुरुवातीला दोन ओळी घातल्या, तर हे आकडे शिळे होतात. त्यावर उपाय म्हणून ऑर्ग-रिमार्क खुणेखालचा मूळ मजकूरही लक्षात ठेवते आणि पुन्हा उघडल्यावर जागा जुळत नसेल तर तो मजकूर आसपास शोधून खूण तिथे बसवते. लांब, वेगळ्या वाक्यांशाला हे उत्तम लागू पडते. ‘आहे’ एवढाच शब्द रंगवला असेल तर शोधाने तरी काय करावे?

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जुलै 2023 मध्ये आलेल्या ईमॅक्स 29 पासून ओव्हरले साध्या याद्यांऐवजी संतुलित वृक्षरचनेत ठेवले जातात, त्यामुळे खुणांची संख्या मोठी असली तरी एडिटर रेंगाळत नाही.

एकाच माणसाच्या हातातील मजकुरासाठी मी हे पॅकेज निःशंकपणे सुचवेन. दोघे-तिघे एकाच फाइलीवर काम करणार असतील आणि त्यांतील एकच ईमॅक्स वापरत असेल, तर सुचवणार नाही. माझ्यापुरते म्हणाल तर परिच्छेद हलवायचा असल्यास मी आता तो कापत नाही. आधी नक्कल करून नव्या जागी चिकटवतो, तिथे खूण पुन्हा करतो, टिपण तिकडे उतरवतो आणि मगच जुना परिच्छेद पुसतो.