बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय: पुण्यात घ्यावी का?

दोन सीटांच्या, छत उघडणाऱ्या या स्पोर्ट्स कारबद्दल बोलायचं तर आधी इंजिनाबद्दलच बोलायला हवं. ‘बी५८’ नावाचं २,९९८ सीसीचं इंजिन, एका रांगेत सहा सिलिंडर, एकच ट्विन-स्क्रोल (दोन वेगळ्या वाटांनी धूर घेणारा) टर्बो, ३४० अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे हलतात, त्यामुळे त्यांचे धक्के आपसातच विरून जातात आणि थरथर मारणाऱ्या वेगळ्या बॅलन्स शाफ्टची गरजच पडत नाही. ही रचना बीएमडब्ल्यूकडे विमानांमुळे आली. १९१७ चं ‘थ्री-ए’ हे विमानाचं इंजिन असंच सहा सिलिंडरांचं होतं. उंचावरच्या विरळ हवेतही दम टिकवायचं, म्हणून जर्मनांनी ते फोकर डी-७ लढाऊ विमानात बसवलं. १९१९ मध्ये त्यापुढच्या ‘फोर’ इंजिनावर वैमानिक फ्रान्झ झेनो डीमर ९,७६० मीटर उंचीपर्यंत पोचला होता. लोहगावहून सुखोई उठलं की ज्यांची मान आपोआप वर जाते, त्यांनी छत उघडून या इंजिनाचा आवाज एकदा तरी ऐकावा.

पुण्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं म्हणजे पूर्ण टॉर्क १,६०० आरपीएमलाच हाती येतो आणि ४,५०० पर्यंत टिकतो. त्यामुळे कर्वे रोडवर रांगत असतानाही गाडी कुरकुरत नाही. शून्य ते शंभर ४.५ सेकंदांत, पण तो आकडा इथे क्वचितच कामाला येतो. खरी मजा ताम्हिणीच्या चढावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आहे.

आता स्पीड ब्रेकर. ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि रस्ता यांतली जागा) ११४ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४७० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याची त्रिज्या सुमारे १७ मीटर. त्यावर पुढची-मागची दोन्ही चाकं चढली की मधल्या भागात फक्त ४५ मिमीचा उंचवटा पोटाकडे येतो, ६९ मिमी शिल्लक राहतात. नियमातला गतिरोधक या गाडीला काहीही करत नाही. घात करतो तो गल्लीतला, कुणीतरी डांबर ओतून केलेला, हातभर रुंद आणि १२-१५ सेंटिमीटर उंच. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आला की पोट टेकणारच, वेग कितीही कमी ठेवा. तिथे गाडी तिरकी घालावी. एका वेळी एकच चाक चढल्याने पोट थोडं उचललेलं राहतं. शेजारी कुणी असेल आणि डिकी भरलेली असेल तर गाडी आणखी बसते, हे धरून चाला. बोल्टने ठोकलेले पिवळे-काळे रबरी पट्टे बुटके असतात, त्यांची चिंता नको.

टायरकडे मात्र रोज लक्ष हवं. पुढे २५५/३५, मागे २७५/३५ (पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची), रिम १९ इंची. म्हणजे पुढच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम ८९ मिमी. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला कडक काठाचा खड्डा लागला की ती भिंत रिम आणि काठाच्या मध्ये चिरडते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हवा कमी असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून दर आठवड्याला टायर थंड असताना दाब तपासावा. स्टेपनी नाही. सोबतचं सीलंट खिळ्याच्या भोकापुरतंच, बाजू फाटली तर गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेडच बोलवावी लागते. पुढची-मागची मापं वेगळी असल्याने टायर अदलाबदल करता येत नाहीत आणि मागचे आधी झिजतात.

छत कापडी आहे. १० सेकंदांत आणि ५० किमी वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडतं, त्यामुळे सिग्नलवर अचानक सर आली तरी भिजायची वेळ येत नाही. पण झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी छताच्या कडेच्या खाचांमधला पालापाचोळा जूनच्या आधी हाताने काढावा. तिथे पाणी तुंबलं की ते आत वाट शोधतं. प्रेशर वॉशरचा फवारा कापडाच्या शिवणीवर जवळून मारू देऊ नका.

ऑइल साडेसहा लिटर लागतं. डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवरच पाहायची. गाडी जेमतेम चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांना वापरत असाल तर गाडीचा कॉम्प्युटर आठवण करून देईल याची वाट न पाहता वर्षातून एकदा ऑइल बदलाच.

सहा गिअरची मॅन्युअल आवृत्तीही आहे आणि ती मनापासून आवडण्यासारखी आहे. पण तिच्या मागच्या चाकांना २८५/३० चे २० इंची टायर येतात, भिंत आणखी बारीक. शिवाय हिंजवडीच्या संध्याकाळी क्लचवर पाय ठेवून तास काढायचा. रोजच्या वापरासाठी आठ गिअरची ऑटोमॅटिकच घ्यावी. मॅन्युअल फक्त त्यांनी, ज्यांच्या घरी दुसरी गाडी आहे आणि जे रविवारी पहाटेच घाटात निघतात. स्टिअरिंग अचूक आहे, पण रस्ता कसा आहे ते हाताला सांगत नाही. एवढ्या किमतीत ही उणीव खटकते.

बुकिंगआधी टेस्ट ड्राइव्हची गाडी स्वतःच्या सोसायटीत आणून बेसमेंटच्या रॅम्पवर चढवून-उतरवून बघा. हिशेबाने रॅम्प आणि सपाट जमीन जिथे मिळतात तिथला साधारण साडेदहा अंशांचा मोड पोट सहन करतं. जुन्या इमारतींचे रॅम्प वरच्या टोकाला एकदम मोडतात, तिथे ते घासतं का, हे शोरूमच्या सपाट फरशीवर कळणार नाही.