क्लॉक स्प्रिंगचे ११,७५० घेतले, आणि एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावला

आधी आकडे. स्टिअरिंग रॅकचं, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाचं, काम ६,४००. त्यानंतर ‘क्लॉक स्प्रिंग गेली’ म्हणून ११,७५०. तेच काम दुसरीकडे पुन्हा, या वेळी खरोखरचं, ५,७१०. आणि या सगळ्यात जो एक पार्ट बदलायचा होता, त्याची पार्ट्सच्या काउंटरवरची किंमत जीएसटी धरून ४,३१०. गाडी २०१७ ची हॅचबॅक, ड्रायव्हर एअरबॅग असलेली. गॅरेज गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, मेसेजमध्येही विचारू नका.

क्लॉक स्प्रिंगमध्ये घड्याळ नसतं आणि स्प्रिंगही नसते. स्टिअरिंगच्या मागे, कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर, बसणारी ती प्लास्टिकची चपटी डबी. आत सपाट रिबन केबल गुंडाळलेली. कोणी स्पायरल केबल म्हणतं, कोणी कॉन्टॅक्ट कॉइल. हॉर्न, स्टिअरिंगवरची गाण्यांची बटणं आणि एअरबॅग पेटवणारी तार, सगळं या रिबनमधून जातं. रिबन साधारण पाच फेऱ्यांची असते, म्हणजे बरोबर मध्यावर बसवली तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. माझ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे फिरतं, म्हणजे मध्यापासून एका बाजूला पावणेदोन. शिल्लक राहतो फक्त पाऊण फेरा.

हे गणित आधी माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. रॅक उतरवताना कॉलमची कपलिंग, म्हणजे रॅकशी असलेली जोडणी, सोडतात. ती सुटली की स्टिअरिंगला अडवणारं काही उरत नाही, ते कितीही फिरतं. म्हणून शहाणा मेकॅनिक आधी चाकं सरळ करतो, स्टिअरिंग लॉक करतो किंवा सीटबेल्ट स्टिअरिंगमधून ओवून बांधून ठेवतो. इथे कोणी बांधलं नाही. पोऱ्याने गाडी ढकलताना स्टिअरिंगला हात घातला असेल, एक फेरा इकडचा तिकडे झाला असेल, आणि कपलिंग तशीच जोडली गेली. आता एका बाजूला दीडच फेरा शिल्लक, लागणार पावणेदोन. रोजच्या रस्त्यावर काही कळत नाही. पहिल्यांदा स्टिअरिंग पूर्ण मारलं की रिबन तुटते.

माझी तुटली रॅकच्या कामानंतर तिसऱ्या दिवशी, चोडणच्या फेरीबोटीत गाडी उलटी घालताना. आधी कागद चुरगळल्यासारखा आवाज, मग टक्, आणि मीटरमध्ये एअरबॅगचा लाल माणूस. हॉर्न मुका. चिऱ्यांच्या कुंपणांमधल्या आंधळ्या वळणांवर हॉर्न नसला की काय होतं ते गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर, घरची सगळी माणसं गावी न्यायची. म्हणून त्याच गॅरेजला परत. हो, त्याच. ज्यांनी नुकतंच स्टिअरिंग खोललं होतं त्यांच्याकडेच जाणार ना माणूस?

“पात्राव, खारी हवा. गोव्यात क्लॉक स्प्रिंग टिकत नाही.” पात्राव म्हणजे शेठ. गॅरेजवाल्याचं हे मी ऐकून घेतलं. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, हे खरं. पण बंद डबीतली रिबन रॅकच्या कामाच्या नेमक्या तिसऱ्या दिवशी हवेने तुटत नाही. ती त्यांनीच तोडली होती आणि भरपाई मागायच्या जागी मी त्यांना पैसे मोजत होतो.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: क्लॉक स्प्रिंग ओरिजिनल ५,९००, एअरबॅग प्रोग्रॅमिंग ३,२००, मजुरी १,८५०, किरकोळ ८००. एकूण ११,७५०. यातलं ‘प्रोग्रॅमिंग’ हे शुद्ध वारं. साध्या क्लॉक स्प्रिंगला प्रोग्रॅमिंग नसतं. ईएसपी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, असलेल्या बऱ्याच गाड्यांत तिच्यासोबत स्टिअरिंग अँगल सेन्सर येतो, तिथे स्कॅनर लावून शून्य बसवावं लागतं. माझ्या गाडीला ईएसपीच नाही. उरलं फक्त बिघाडाचा जुना कोड पुसणं, ते दोन मिनिटांचं काम.

आता ती जागा, जिच्यामुळे अजून झोप उडते. गाडी ताब्यात घेतली, किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, सहा सेकंदांनी विझला. हॉर्न वाजला. आवाजाची बटणं चालली. आणि समोर, डॅशबोर्डवर, घड्याळ ४:४० दाखवत होतं. मोबाइलवरही ४:४०. ट्रिप मीटर पेट्रोल भरल्यापासूनचे २१२ किलोमीटर तसेच धरून होता.

बॅटरीचं टर्मिनल काढलं की माझ्या गाडीचं घड्याळ १:०० वर जातं आणि ट्रिप शून्य होते. दर वेळी. बॅटरी बदलली तेव्हा मीच ते घड्याळ लावलं होतं. एअरबॅगला हात लावायच्या आधी टर्मिनल काढणं ही या कामाची पहिली पायरी. घड्याळ बरोबर चालतंय म्हणजे पहिली पायरीच झालेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर लाल अंकांत पुरावा चमकत होता आणि मी त्याच्याकडे बघून म्हणालो, “पावणेपाच झाले, चला.” वरून चहाचे पन्नास पोऱ्याच्या हातात ठेवले. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

दुसरी खूण: जुना पार्ट मागितला तर “कचऱ्यात गेला”. तिसरी: नव्या पार्टचा खोकाच नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला. नव्या क्लॉक स्प्रिंगला मधला भाग फिरू नये म्हणून पिन किंवा स्टिकर असतो, तो पार्ट कॉलमवर बसल्यावरच काढायचा. पोऱ्या ती डबी बोटावर चकरीसारखी फिरवत चालला होता. हे मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो, कारण सगळीकडे आपणच शहाणपणा दाखवला की मेकॅनिक काम बिघडवतात असं आपल्याला शिकवलेलं असतं.

खरं काम असं होतं. चाकं सरळ, किल्ली बाहेर, निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला. मग थांबायचं, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. किती थांबायचं ते मॉडेलप्रमाणे मॅन्युअलमध्ये असतं. जाणता माणूस दहा मिनिटं बिडी ओढतो. एअरबॅग मागच्या क्लिपा दाबून किंवा बाजूचे स्टारचे स्क्रू काढून सुटते. तिचा पिवळा प्लग काढायचा, ती छातीपासून दूर धरून न्यायची, आणि तोंड वर करून ठेवायची. पालथी ठेवली आणि उडाली तर ती छताला धडकेल. तिच्या पिनांना मल्टिमीटर लावणारा दिसला तर गाडी घेऊन निघा, मीटरच्या करंटनेही ती पेटू शकते. मग शाफ्ट आणि स्टिअरिंगवर रंगाची एकच खूण, नट सैल, पण दोन आट्यांवर तसाच ठेवून स्टिअरिंग हलवायचं, नाहीतर सुटलेलं स्टिअरिंग तोंडावर येतं. निघत नसेल तर पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार. शाफ्टवर हातोडा नाही, कारण बऱ्याच हॅचबॅकमध्ये पॉवर स्टिअरिंगचा सेन्सर त्याच कॉलमवर असतो. नवी डबी मध्यावर आहे का ते खुणांवरून पाहायचं. पिन निघून ती फिरली असेल तर हलक्या हाताने मॅन्युअलमधल्या दिशेने अडेपर्यंत फिरवायची, मग डबीवर लिहिलेले फेरे मोजत उलट आणून बाण जुळवायचे. जोर लावला की नवी रिबनही तुटते. सगळं मिळून तासभर. माझं काम पंचवीस मिनिटांत झालं होतं आणि मला त्यांचा हात चपळ वाटला होता.

भांडं फुटलं ते व्हील अलाइनमेंटवाल्याकडे. स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेलं राहत होतं. तो म्हणाला, अलाइनमेंट ठीक आहे, स्टिअरिंगच एक दाता चुकवून बसवलंय. त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने उघडलं. एअरबॅगच्या मागे पिवळा प्लग असायला हवा, तिथे काही नाही. एअरबॅग नुसती क्लिपांवर अडकवलेली, देवळीतल्या शोभेच्या फुलासारखी. बसवलेली डबी जुनी, मोडीत निघालेल्या गाडीची, आणि तीही एअरबॅग नसलेल्या व्हेरियंटची. त्यामुळे हॉर्न आणि बटणांच्या तारा होत्या, एअरबॅगची तारच नव्हती. ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बिनएअरबॅगच्या गाड्यांचे पार्ट भंगारात हवे तेवढे. आणि कॉलमखालच्या पिवळ्या सॉकेटमध्ये काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, नखाएवढा रेझिस्टर, म्हणजे विजेला रोध करणारा सुटा भाग. एअरबॅगच्या पेटवणीचा रोध दोन-तीन ओहमच असतो. तेवढाच रोध तिथे खुपसला की कंट्रोल युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा नियमाप्रमाणे लागतो, नियमाप्रमाणे विझतो. स्कॅनर लावा, कोड शून्य.

म्हणून ‘दिवा विझला ना, मग झालं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दिवा फक्त एवढंच सांगतो की तारेच्या टोकाला काहीतरी आहे. चवथीला घरच्यांना घेऊन मी त्याच गाडीतून गेलो आणि आलो.

मग सुरू झाली वारी. चौकीवर ड्युटीवरचा माणूस म्हणाला, “हॉर्न वाजतो ना? गाडी चालते ना? मग सिव्हिल मॅटर.” एअरबॅग नाही म्हटलं, तर “अपघात झालाय का?” म्हणजे आधी मरून यायचं. लेखी अर्ज घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला पण नंबर नाही. वाहतुकीच्या कार्यालयात तीन खिडक्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीने ऐकवलं की खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं? “ते तुम्ही बघा.” गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर बाहेर काम केलंत म्हणून जबाबदारी नाही, आणि पुढच्या मिनिटाला सर्व्हिस पॅकेज विकायला सुरुवात. आणि जो तो एकच प्रश्न विचारतो: “बिल कुठाय?”

बिल नाही. चिठ्ठी आहे, तिच्यावर ‘एस्टिमेट’ छापलंय, जीएसटी नंबर नाही. ८,००० यूपीआयने दिले, ते गॅरेजच्या नाही, भलत्याच माणसाच्या नावावर गेले. ३,७५० रोख, कारण “जीएसटी कशाला भरता”. हो, मीही तो मोह धरला. पण पावसात भिजत, चार दिवसांवर चवथ असताना, किती जण पक्क्या बिलासाठी अडून बसले असते ते सांगा आणि मग मला नावं ठेवा.

रॅक उतरवायला देताना स्टिअरिंग बांधल्याचा फोटो मागा. क्लॉक स्प्रिंगचं काम असेल तर समोर उभे राहा, खोका तुमच्या हाताने फोडा, त्यावरची एमआरपी आणि पार्ट नंबर टिपा, आणि एअरबॅग बंद करण्याआधी मागच्या पिवळ्या प्लगचा फोटो काढा. जुना पार्ट घरी न्या. गाडी घेतल्यावर आधी घड्याळ बघा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात देता येते. चिठ्ठी, यूपीआयची नोंद, जुनी डबी आणि टेपसकट रेझिस्टर एका झिपच्या पिशवीत आहेत. अडलंय एवढंच, की काय सापडलं ते जाणकाराने लेटरहेडवर लिहून द्यायला हवं. ज्याने गाडी उघडून मला सगळं दाखवलं, त्याने ५,७१० चं पक्कं बिल दिलं, नवी डबी मध्यावर बसवून दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण मारून दाखवलं, पण लिहून द्यायची गोष्ट काढल्यावर हात पुसत म्हणाला, “ते सोडून काहीही सांगा, पात्राव. सामान आम्ही दोघे एकाच दुकानातून आणतो.”