गेम घेण्याआधी कोणता रिव्ह्यू बघायचा: मोजणारा की मत देणारा?

तीन-चार हजार रुपये घालवायच्या आधी रिव्ह्यू बघायला बसलं की दोन जाती दिसतात. एक मोजणारा: रिझोल्यूशन किती, सेकंदाला फ्रेम (चित्रं) किती, गेम कुठे अडखळतो. डिजिटल फाउंड्रीचे व्हिडिओ हा त्याचा चांगला नमुना. दुसरा मत देणारा: मजा आली का, नाही तर का नाही. ‘तुमचं मत नको, वस्तुनिष्ठ बोला’ ही तक्रार कायम याच्याच वाट्याला येते. 2011 साली गेम-समीक्षक जिम स्टर्लिंग यांनी ‘फायनल फँटसी 13’चा शंभर टक्के वस्तुनिष्ठ रिव्ह्यू लिहून या मागणीची टर उडवली होती. यात ग्राफिक्स आहेत, संगीत आहे, अशाच थाटाचा. खरा सगळा, कामाचा शून्य.

तरी मोजणाऱ्याला कमी लेखू नका. ‘सायबरपंक 2077’ हा गेम 10 डिसेंबर 2020 ला आला. त्याआधी समीक्षकांच्या हाती फक्त पीसीची प्रत होती, म्हणजे आधी झळकलेले भरघोस गुण पीसीचे. सोनीच्या जुन्या पीएस4 कन्सोलवर मात्र गेम रखडत होता, मध्येच बंद पडत होता. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, तो जून 2021 मध्ये परत आला. इथे कथेवरचं कितीही सुंदर मत पीएस4 वाल्याच्या उपयोगाचं नव्हतं. त्याला त्याच्याच मशीनवरचे आकडे हवे होते.

‘डेथ स्ट्रँडिंग’चं (नोव्हेंबर 2019) नेमकं उलटं. पाठीवर ओझं घेऊन डोंगर-नद्या तुडवत सामान पोचवायचं, हे सगळ्यांनीच सांगितलं. तेवढ्यावर कुणी 10 पैकी 10 दिले, आयजीएन या साइटने 6.8. एकाला ती पायपीट शांत करणारी वाटली, दुसऱ्याला कंटाळवाणी. फ्रेम मोजून हा वाद कसा मिटणार? सगळ्यांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटची 82 ही सरासरी तर दोघांपैकी कुणाचंच मत नाही. जपानच्या ‘फामित्सु’ मासिकाची पद्धत बरी: चार समीक्षक, प्रत्येकाचे 10 पैकी गुण वेगळे छापलेले, बेरीज 40 पैकी. भांडण झालं असेल तर ते दिसतं तरी.

माझा कल मत देणाऱ्याकडे, पण माणूस ओळखीचा हवा. त्याचे आधीचे चार-पाच रिव्ह्यू, तेही आपण खेळलेल्या गेमचे, वाचलेले असावेत. आवड जुळायलाच हवी असं नाही; ज्याच्याशी माझं कधीच पटत नाही असा एक रिव्ह्यूवाला मी आवर्जून बघतो. तो कंटाळला की मी पाकीट काढतो.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळणाऱ्यांच्या रिव्ह्यूत गुण नसतात; अंगठा वर की खाली, एवढंच. पण शेजारी खेळलेले तास दिसतात, ते आधी बघा.

राहिला रिफंड. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आपल्या पीसीवर गेम नीट चालतो का, हे तेवढ्यात कळतं. आवडेल का, हे कळेलच असं नाही. ‘डेथ स्ट्रँडिंग’चा सुरुवातीचा बराच वेळ कटसीन (खेळायचे नसून नुसते बघायचे प्रसंग) बघण्यातच जातो.