नाशिकच्या अंगणात पोहण्याचा तलाव: आरसीसीचा बांधावा की फायबरचा बसवावा?

गंगापूर रोडला, मखमलाबादला, गिरणाऱ्याच्या वाटेवर बंगला बांधलेल्या माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला: मागच्या मोकळ्या जागेत आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, तलाव करू, की फायबरचा तयार आणून बसवू? आमच्याकडे आरसीसीचा आहे, नणंदेकडे फायबरचा. दोन्ही कामं मी खड्ड्यापासून पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हिशेबाला एकच माप धरू: २४ फूट बाय १२ फूट, सगळीकडे ४ फूट पाणी. यात साधारण ३२,००० लिटर पाणी मावतं.

कोटेशन मागवण्याआधी जेसीबीवाल्याकडून सहा फुटांचा एक खड्डा घ्या आणि एक पावसाळा त्यावर नजर ठेवा. गोदावरीला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, ते विचारतो. तसंच या खड्ड्यात पाणी किती चढतं ते मोजायचं. तलावाचा सगळा निर्णय या एका आकड्याभोवती फिरतो, आणि आमच्याकडे आलेल्या एकाही ठेकेदाराने तो विचारला नव्हता.

कारण सांगते. तळाच्या वर बाहेरून एक फूट पाणी चढलं, की या मापाच्या तळाला खालून सुमारे आठ टनांची उचल बसते. तलाव भरलेला असेल तर आतलं पाणी ती दाबून धरतं. रिकामा असेल तर फायबरचं भांडं, ज्याचं वजन टनाच्या आसपास, सरळ वर येतं. आरसीसीचा तलाव सहा इंची तळ आणि भिंतींसह वीसेक टनांचा, म्हणून तो जास्त सोसतो. पण बाहेर तीन फूट पाणी असताना रिकामा केला तर त्याचाही भरवसा नाही. ‘पावसाळ्यात रिकामा करून धुऊन घेऊ’ हा विचार दोन्हींत सोडून द्या. पाणी चढणाऱ्या जागेत तळाखाली खडीचा थर, त्यातून एका कोपऱ्यातल्या संपला (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याला) पाइप आणि संपात पंप, एवढं आधीच करून घ्या. नंतर करता येत नाही.

आता माती. नदीकडच्या सखल भागात काळी माती खोल लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जागी आरसीसी करायचा तर माती आणखी खोल काढून मुरूम दाबायचा, सोलिंग (दगडांचा थर), त्यावर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि मग सळई. फायबरला सोलिंगचा खर्च कमी, पण बाजूंना भरायला काढलेली काळी माती चालत नाही. कच (दगडाचा चुरा) किंवा बारीक खडीच हवी. ठेकेदार ‘तुमचीच माती परत टाकतो’ म्हणाला तर तिथेच थांबवा. फुगलेली माती भांड्याची कड आत ढकलते. त्र्यंबकच्या बाजूला मुरूम आणि खाली काळा दगड असेल तर पाया फुकटात पक्का मिळतो, पण ब्रेकर लावावा लागतो. तिथे आरसीसी बरा, कारण खोली साडेतीन फुटांवर थांबवता येते. फायबरचं भांडं येतं तेवढं खोल आणि वर चारी बाजूंनी काम करायला जागा, एवढा दगड फोडावाच लागतो.

वेळेत मात्र फायबरची बरोबरी नाही. नणंदेचा २० बाय १० चा आठवड्याभरात बसला. भांडं पहाटे आलं, कारण दिवसा ट्रेलर गल्लीत वळला नसता. केबलच्या तारा काठीने उचलून धरल्या, शेजारच्या गुलमोहराची एक फांदी विचारून कापली, आणि हायड्रा क्रेनने ते कंपाउंडवरून आत घेतलं. खाली सारखी केलेली कच, त्यावर भांडं. मग आत एक फूट पाणी भरायचं, बाहेर एक फूट कच भरायची, परत आत एक फूट. ही जोडी चुकली की भिंतीला पोट येतं. तुमची गल्ली अरुंद असेल किंवा मागे जायला फक्त बाजूचा बोळ असेल, तर फायबरचा विषय तिथेच संपतो.

आमच्या आरसीसीला चार महिने लागले. सगळा आनंद आणि सगळा मनस्ताप याच कामात मिळाला. पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपतील अशा सहा-सहा इंचाच्या करता आल्या, पारिजातकाला वळसा घालून कड वाकवता आली. फायबरमध्ये कंपनीच्या साच्यात असेल तेच मिळतं. पण ठेकेदाराने घाई केली. टाइल्स लावण्याआधी तलाव काठोकाठ भरून सात दिवस ठेवायचा असतो. त्याने दोन दिवसांत रिकामा करून टाइल्स सुरू केल्या. महिन्याने लक्षात आलं की पाणी रोज पाऊण इंच उतरतंय. तो म्हणे उन्हाने उडतंय.

मग बादलीने निवाडा केला. तलावाच्याच पाण्याने बादली भरून वरच्या पायरीवर ठेवली, बादलीच्या आत आणि तलावाच्या भिंतीला पेन्सिलने रेघ मारली, पंप बंद. दुसऱ्या दिवशी बादलीत पाणी रेघेच्या जेमतेम पाव इंच खाली, तलावात पाऊण इंच. पाव इंच ऊन नेतं, म्हणजे दीड-दोनशे लिटर. उरलेलं अर्धा इंच, तीनशेहून जास्त लिटर, रोज जमिनीत जात होतं. मिस्त्रीने फिल्टरमधून पाणी परत आणणाऱ्या पाइपाभोवतीच्या चार टाइल्स काढल्या, तर मागे काँक्रीटला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर तिथे पोहोचलाच नव्हता. म्हणून आरसीसी घेणाऱ्यांना कळकळीने सांगते: गळती भिंतीच्या मध्यातून क्वचित होते, पाइप भिंतीतून जातो तिथे आणि तळ-भिंतीच्या सांध्यात होते. तळ आणि भिंत शक्यतो एका दमात भरून घ्या, काँक्रीट पडताना स्वतः उभे राहा, आणि सात दिवसांच्या चाचणीचे पैसे त्या चाचणीनंतरच द्या.

वापरात फायबर सोपा. गुळगुळीत अंगावर शेवाळ सहज धरत नाही, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर ओल्या फडक्याने निघतो. आमच्या टाइल्सच्या सांध्यांत तो दगड होऊन बसतो. सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट न वापरल्याची किंमत. नव्या काँक्रीटमुळे पाण्याचा पीएचही सुरुवातीचे काही महिने वर सरकत राहतो, तो ७.२ ते ७.६ च्या दरम्यान धरून ठेवावा लागतो. फायबरचं एक वाईट: काही वर्षांनी उन्हाने रंग फिका पडतो, आणि तडा गेला तर गावातला गवंडी उपयोगाचा नाही. आरसीसी कुठलाही चांगला मिस्त्री दुरुस्त करतो.

फिल्टर, पंप आणि वीज दोन्हींना सारखीच. एक एचपीचा पंप सहा तास म्हणजे रोज साधारण पाच युनिट. एक सूचना मात्र जिवाची आहे: क्लोरीनच्या गोळ्या आणि क्लोरीनची पावडर कधीही एका डब्यात, एका मापात एकत्र करू नका. दोन्ही क्लोरीनच असले तरी रसायनं वेगळी, आणि एकत्र आली की पेटू शकतात. दिवे १२ व्होल्टचेच घ्या.

थंडीही हिशेबात धरा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि चार फूट पाणी गार पडलं की दुपारीही तापत नाही. बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर अंथरायचं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, घेतलं तर मोसम दोन्ही टोकांना थोडा लांबतो आणि उडणारं पाणीही वाचतं.

लोखंडी सांगाड्याचा, पीव्हीसी कापडाचा जमिनीवरचा तलाव हा तिसरा पर्याय. मुलं लहान असतील आणि हौस मार्च ते मे एवढीच असेल तर तो घ्या, जूनमध्ये घडी करून ठेवा. पण द्राक्षबागेच्या शेततळ्यात पोहण्याचा चौथा पर्याय कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. त्या प्लास्टिकच्या उतारावर ओला पाय टिकत नाही, धरायला काही नसतं, पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. आणि घरातल्या तलावालाही चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक पहिल्या दिवसापासून हवं.

माझं मत विचाराल तर: मुरमाची जागा, रुंद रस्ता, सरळ आयत पुरेसा, तर फायबर. अडचणीची गल्ली, म्हातारी माणसं, वेडावाकडा प्लॉट, तर आरसीसी, आणि देखरेखीला घरचं माणूस.

तिसऱ्या घराचं अजून ठरायचं आहे. मखमलाबादला त्यांनी जूनमध्ये खड्डा घेतला, त्यात फुटाफुटावर लाल रंग लावलेला बांबू रोवला. परवाच्या रविवारी पाणी जमिनीपासून दोन फुटांवर होतं, म्हणजे होणाऱ्या तळाच्या तीन फूट वर. मी त्यांना तलाव दोन फूट जमिनीच्या वर उचलून आरसीसीचाच करायला सांगितलंय. बांबू ऑक्टोबरपर्यंत काढायचा नाही असं ठरलंय.