नदीकाठची मिसळ : रस्सा चोख, जागा पुराच्या वाटेवर

नाशिकच्या गंगापूर रोडवरून गोदावरी नदीकडे उतरणाऱ्या एका रस्त्याच्या टोकाला हे मिसळीचे हॉटेल आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढची तक्रार त्या एकट्याची नाही. मिसळ चांगली आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा झणझणीत असूनही घशाशी येत नाही, मटकी मऊ शिजूनही अख्खी राहते आणि रस्सा पुन्हा मागितला तर कपाळाला आठी न घालता वाढला जातो. रविवारी मात्र टेबलासाठी बरेच ताटकळावे लागते.

हॉटेलच्या फलकावर चवीपेक्षा मोठ्या अक्षरांत ‘थेट गंगेचा काठ’ असे लिहिले आहे (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). तेव्हा परीक्षणही त्या काठाचेच व्हायला हवे. बसण्याची जागा नदीच्या उतारावर भराव टाकून सपाट केलेली आहे. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की विटांचे तुकडे, फरशांचे कोपरे आणि पाडलेल्या स्लॅबच्या गंजक्या सळया दिसतात, म्हणजे शहरातल्या जुन्या घरांचा राडारोडा इथे येऊन पडलेला आहे. पार्किंगमध्ये सलग पेव्हर ब्लॉक बसवले असून त्यांच्या फटीसुद्धा सिमेंटने बुजवल्या आहेत. खालच्या बाभळीच्या फांद्यांत मात्र प्लॅस्टिकच्या चिंध्या पार कठड्याच्या उंचीपर्यंत अडकलेल्या आहेत, आणि पाणी कुठवर येऊन गेले हे सांगायला तेवढे पुरेसे आहे.

सुमारे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी ती निळी पूररेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, म्हणून नदीकाठी सगळीकडे ‘तात्पुरती शेड’ उभी राहते. शेड उद्या काढता येईलही, पण तिच्याखालचा भराव कोणी काढत नाही. भरावामुळे पात्र जेवढे अरुंद होते, तेवढी तेच पाणी वाहून जाण्यासाठी पातळी चढते आणि तिचा फुगवटा वरच्या बाजूच्या वस्तीला सोसावा लागतो.

याविषयी विचारले असता व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, “धरणातून पाणी सोडलं की येतं, साहेब. त्याला आपण काय करणार?” हे अर्धेच खरे आहे. गंगापूर धरण फक्त त्याच्या वरच्या पाणलोटाचे पाणी अडवू शकते. धरणाच्या खाली शहरावर पडणारा पाऊस नाल्यांतून थेट नदीत येतो आणि त्याला कोणताही दरवाजा नाही. नाशिकची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 10.77 लाख होती, ती 2011 मध्ये 14.86 लाख झाली. मळ्यांचे प्लॉट पडले, नाल्यांवर स्लॅब आले, आणि पूर्वी काही काळ जमिनीत मुरणारे पाणी आता गच्च्यांवरून आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरून थोड्याच वेळात पात्रात उतरते. नाशिकमध्ये 1969 सालीही मोठा पूर आला होता, हे मान्यच केले पाहिजे. पूर बांधकामातून जन्माला येत नाही. परंतु 19 सप्टेंबर 2008, 2 ऑगस्ट 2016 आणि 4 ऑगस्ट 2019 या तिन्ही पुरांनंतर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले यावरच चर्चा रंगते आणि पात्राची रुंदी किती उरली हे विचारायचे राहून जाते.

व्यवस्थापकांनी पुढच्या हंगामात नदीच्या बाजूला आणखी एक डेक बांधणार असल्याचे अभिमानाने सांगितले. टेबले वाढतील, हे खरे.

मिसळीला पाचपैकी चार गुण, जागेला एक, आणि तोही सावलीसाठी. हिवाळ्यात जाण्यास हरकत नाही. पावसाळ्यात गाडी खालच्या पार्किंगमध्ये न लावता वर रस्त्यावरच ठेवावी, आणि धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली असेल किंवा शहरात रात्रभर पाऊस झाला असेल, तर पार्सल मागवावे.