बर्डीवर मिळणारा लाकडी आकारांचा डबा: घ्या, पण तपासून

नागपुरात सीताबर्डीच्या खेळण्यांच्या दुकानांत दिसणारा हा डबा दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी चांगला. झाकणाला सहा भोकं, सोबत बारा ठोकळे. मात्र पहिल्याच दिवशी सगळे समोर ओतू नका. आधी फक्त गोल द्या, बाकीची भोकं पुठ्ठा चिकटवून झाका. गोल कसाही फिरवला तरी आत जातो. चौकोन चारच प्रकारे बसतो, समभुज त्रिकोण तीनच. म्हणून क्रमही तोच. चांदणी शेवटी, आणि ती नाही जमली तरी बिघडत नाही.

मूल अडलं की हात धरून ठोकळा ढकलायचा मोह होतो. मनात दहा मोजा, मग डबाच जरासा वळवा आणि ‘फिरव बरं’ एवढंच म्हणा. सव्वा वर्षाचं बाळ नुसतं भरतं, ओततं. तोही खेळच, तेव्हा झाकण बाजूला ठेवा.

खरी अडचण नागपुरी उन्हाळ्यात. कूलरच्या दमट हवेत लाकूड फुगतं, त्रिकोण भोकात अडकतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. डबा कूलरपासून लांब ठेवा. फुगलाच तर सावलीत वाळवा, उन्हात तडा जातो.

घेताना आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. ओलं पांढरं फडकं घासून रंग उतरतो का पाहा. सुमारे 3.2 सेंमी व्यासाच्या भोकातून जाणारा, म्हणजे घशात अडकू शकेल इतका लहान ठोकळा असेल, तर तो संच दुकानातच सोडा.